गाठ कोण सोडतं

कानसेनांना लोक कानसेन म्हणत ते अर्धं कौतुकाने आणि अर्धं चेष्टेने. बत्तीस वर्षं ते सभागृहांमधून माइक आणि स्पीकर लावत आले होते, आणि भरल्या हॉलच्या शेवटच्या रांगेत उभं राहून कुठल्या माइकची वायर हलली ते बिनचूक सांगत. घरात बायकोने मारलेली हाक मात्र त्यांना तिसऱ्या खेपेला ऐकू येई. माणूस वाईट नव्हता, पण संशयी होता. साधा बल्ब घ्यायचा तरी दुकानात दोनदा लावून बघणार, आणि पिशवीत घालताना दुकानदाराने बदलला तर नाही ना म्हणून घरी आल्याबरोबर पुन्हा एकदा लावणार.

मुलाला या धंद्यात काडीचा रस नव्हता. तो बँकेत होता आणि तिथे सुखी होता. धंद्यात आली ती सून. लग्नाआधी ती एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करायची. लग्नानंतर तिने वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी केली, भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आणि आपली स्वतःची छोटी रेकॉर्डिंगची खोली थाटली. खालचं सासऱ्यांचं सामानही हळूहळू तीच बघायला लागली. कानसेनांना याचा अभिमान होता. चारचौघांत ते तसं सांगतही. तिच्यासमोर सांगायचं मात्र राहून जाई.

कुरबुर सुरू झाली ती केबलींवरून.

कानसेनांच्या जुन्या केबली जाडजूड होत्या, बाहेरून मागवलेल्या, मनगटाएवढ्या नसल्या तरी अंगठ्याएवढ्या नक्की. किंमत ऐकून गिऱ्हाइकावर छाप पडे. पण त्यांची टोकं कारखान्यातच ओतून बंद केलेली, त्यामुळे आतला सोल्डरचा डाग सुटला की अख्खी केबल कचऱ्यात. शिवाय सगळ्या पंधरा-पंधरा मीटरच्या. दोन पावलांवरच्या माइकला लावली तरी उरलेली तेरा मीटर वायर स्टेजवर ढिगाऱ्याने पडलेली असे आणि वक्ते तिला अडखळत.

"बाबा, स्टेजवरची केबल पायाखाली येणार, खुर्चीखाली चिरडणार," सून म्हणाली होती. "तिला एवढं महागाचं काय करायचंय? मऊ पाहिजे, आतली तांब्याची जाळी भरगच्च पाहिजे म्हणजे बाहेरची घरघर आत येत नाही. आणि टोकाचा कनेक्टर स्क्रूने उघडणारा पाहिजे. डाग सुटला तर दहा मिनिटांत घरी लावता येतो. पैसे घालायचेच तर कनेक्टरवर घालू, नावावर नको."

"स्वस्त वस्तू घेतली की मागाहून रडायला होतं," कानसेन म्हणाले.

"स्वस्त नाही घेत आहे. बेताची घेते आहे."

मग तिने मधल्या दर्जाच्या वायरीचं एक भलंमोठं रीळ आणलं, पिशवीभर चांगले कनेक्टर आणले आणि तीन आठवडे वर बसून सोल्डरिंगच्या धुरात चाळीस केबली तयार केल्या. वरच्या खोलीसाठी तीन मीटरच्या, स्टेजसाठी सहा आणि दहाच्या. कानसेनांच्या जुन्या सहा केबली जेवढ्यात आल्या असत्या तेवढ्यात या चाळीस झाल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. एकीचा चेहरा दुसरीपासून ओळखू येईल तर शपथ.

म्हणून तिने एक नियम केला. कार्यक्रम चालू असताना जी केबल खरखर करेल तिच्या शेपटाला तिथल्या तिथे गाठ मारायची. घरी आल्यावर गाठवाली केबल वेगळी काढायची, उघडायची, दुरुस्त करायची. बिनगाठीच्या चांगल्या पेटीत. जगभर असंच करतात, असं ती म्हणाली. कानसेनांना केबलीला गाठ हा प्रकारच मुळात खटकत होता. पण नियमात खोट काढण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

पहिली खरखर एका वक्तृत्व स्पर्धेत झाली. एक मुलगी तावातावाने बोलत होती आणि ऐन रंगात आल्यावर माइकमधून चणे भाजल्यासारखा आवाज. कानसेन वाकून स्टेजवर गेले, केबल बदलली, खराब केबलीला पडद्यामागे नेऊन गाठ मारली. होतं असं, ते मनाशी म्हणाले. पुढच्या आठवड्यात एका निरोप समारंभात पुन्हा तेच. मग एका नाटकात, मग एका समूहगायनात. दोन महिन्यांत सात वेळा. नेहमीच्या हॉलच्या मॅनेजरनेही तोंड उघडलं. "कानसेन, पूर्वी तुमचं असं व्हायचं नाही," तो म्हणाला. म्हणाला हसतच, पण ते वाक्य कानसेनांच्या कानात कितीतरी दिवस वाजत राहिलं.

कुठेतरी पाणी मुरतंय, अशी त्यांची खात्री झाली. चाळीस केबली आणि सात वेळा खरखर म्हणजे मालच सडका. वायर विकणाऱ्याने सुनेला गंडवलं असणार. तांब्याच्या नावाखाली वरून मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम गळ्यात मारतात, हे त्यांनी ऐकलं होतं. एका दुपारी सून बाहेर गेलेली पाहून त्यांनी उरलेल्या रिळातला वीतभर तुकडा कापला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी चिरायच्या सुरीने तो सोलायला बसले. वरचं रबर काढलं. जाळी दाट निघाली. आतल्या तारा एक एक करून खरवडल्या. आतपर्यंत तांबं, लालबुंद.

"सुरीची धार गेली," बायको म्हणाली.

"अगं, तांबं खरं आहे."

"मग तोंड असं का?"

तोंड असं का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. माल खरा निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी संशयाला बसायला दुसरी जागा शोधावी लागली. वायर चांगली, म्हणजे मग डाग कच्चे. म्हणजे दोष दुकानदाराचा नाही, सुनेच्या हाताचा.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. एका सकाळी ते जिन्याने वर चालले होते आणि वरून सुनेचा फोनवरचा आवाज आला. "हो, महिन्याभराने जमेल. नाही, बाबांना अजून काही बोलले नाहीये." कानसेन पायरीवरच थांबले. मग आवाज न करता तीन पायऱ्या उतरून, खोकत पुन्हा वर गेले. सुनेने फोन ठेवलेला होता आणि ती नेहमीसारखं हसली. त्या हसण्यात आज काहीतरी कमी आहे, असं त्यांना वाटलं. कोणाशी बोलत होती, हे विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

तेव्हापासून त्यांनी एक गुप्त काम सुरू केलं. कार्यक्रमात केबल खरखरली की गाठ तर मारायचीच, पण खिशातल्या पांढऱ्या शाईच्या बाटलीतून, चूक खोडायला वापरतात त्या, कनेक्टरच्या मागे एक बारीक ठिपकाही द्यायचा. पडद्यामागच्या अंधारात चाचपडत दिलेला तो ठिपका कुठे पडला हे त्यांचं त्यांनाही दिसत नसे. पण घरी उजेडात दिसेल, एवढं पुरे होतं. त्यांनी तो बेत बायकोलाही सांगितला नाही.

पुढच्या पाच खरखरींना पाच ठिपके पडले. मग एका गुरुवारी, सून वर रेकॉर्डिंगला बसलेली आणि दाराबाहेरचा लाल दिवा लागलेला असताना, त्यांनी त्याच दाराबाहेरच्या तिच्या खुंटीवरची सामानाच्या खोलीची किल्ली काढली. त्या खोलीची किल्ली आता तिच्याकडेच असे. त्यांनी खिडकी उघडली आणि चांगल्या केबलींची पेटी जमिनीवर पालथी केली. काळ्या वेटोळ्यांचा ढीग पडला. एक एक हातात घेऊन ती उजेडात फिरवली.

ठिपके सापडले, पण केवळ दोन केबलींवर. एकीवर तीन आणि दुसरीवर दोन. गाठ एकीलाही नव्हती.

कानसेन तिथेच स्टुलावर बसले. पाचही वेळा गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने मारली होती. ती आपोआप सुटणारी नव्हती. खोलीची किल्ली सुनेकडे. गाठी कोण सोडत होतं हे सांगायला आता ज्योतिषी नको होता. केबल खराब निघाली हे कळू नये, दुरुस्तीचं ओझं नको, सासऱ्यापुढे आपली लाज जायला नको, म्हणून ही पोरगी गाठी सोडून खराब माल पुन्हा चांगल्या पेटीत टाकते. आणि आपण हॉलमध्ये मॅनेजरसमोर मान खाली घालतो. त्यांना राग आला, पण रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्या मुलीच्या हाती सगळं सोपवून निवांत व्हायचं त्यांनी मनात ठरवलं होतं, तिनेच असं करावं?

लाल दिवा विझला तसे ते दोन्ही केबली घेऊन वर गेले.

"हे बघ," ते म्हणाले. "या दोन्हींना मी गाठी मारल्या होत्या. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी एक ठिपका दिलाय. या चांगल्या पेटीत कशा आल्या? गाठ कोण सोडतं?"

सुनेने केबली हातात घेतल्या. ठिपके पाहिले. मग तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"हे तुम्ही मला विचारताय?"

"मग कोणाला विचारू?"

"बाबा, गाठ तुम्ही सोडता."

कानसेनांना वाटलं आपल्या कानांनी पहिल्यांदाच दगा दिला.

"मी पाहिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तीनदा पाहिलंय. कार्यक्रम संपला की तुम्ही स्टेजच्या पायरीवर बसून केबली गुंडाळता. मी मागे मिक्सरपाशी असते. निरोप समारंभाच्या दिवशी तुम्ही गाठवाली केबल उचललीत, गाठ सोडलीत, नीट गुंडाळलीत आणि चांगल्या पेटीत ठेवलीत. मला वाटलं, चुकून झालं असेल. मग नाटकाच्या दिवशी परत. घरी येऊन मी दोन सकाळी चाळीसच्या चाळीस केबली टेस्टरला लावल्या, हलवून पाहिल्या. टेबलावर सगळ्या गुणी बाळासारख्या वागतात, स्टेजवर ओढ बसली की खरखरतात. ती केबल सापडली नाही."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझे सासरे माझ्या केबली मुद्दाम नापास करतायत, असं?" तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. "तुम्हाला त्या पहिल्यापासून नको होत्या. मला वाटलं, सरळ नको म्हणायचं नसेल, म्हणून असं चाललंय. माझ्या जुन्या स्टुडिओत जागा आहे. सोमवारपासून येते म्हणून सांगितलंय मी त्यांना."

म्हणजे तो फोन. मग कानसेनांनी एक वाईट गोष्ट केली. ते हसले.

"मी? बत्तीस वर्षं हेच काम करणारा माणूस खराब केबल चांगल्यात टाकेल? काहीतरी बोलू नकोस. स्वतःला सोडवायला गोष्ट रचू नकोस."

सुनेने दाराबाहेरच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. किल्ली सासऱ्यांच्याच हातात होती, हे तिने तेव्हा पाहिलं.

"राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "शनिवारचं समूहगायन मी करते, शब्द दिलाय म्हणून. त्यानंतर तुमचं तुम्ही बघा."

त्या दोन केबली तिने संध्याकाळपर्यंत उघडून दुरुस्त केल्या आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की दोन्हींच्या कनेक्टरमधली वायर धरून ठेवणारी पट्टी तिनेच घट्ट केली नव्हती, चूक तिची. "दोन माझ्या चुकल्या. अडतीस चांगल्या आहेत," ती म्हणाली. मुलाने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शहाणपणाने ताटात लक्ष घातलं. कानसेन त्या हिशोबावर रात्रभर कूस बदलत राहिले. खरखर बारा वेळा, म्हणून आपण बारा केबली खराब धरल्या. शेवटच्या पाचही त्या दोघींच्याच निघाल्या. मग पहिल्या सात तरी दुसऱ्या कुणाच्या कशाला असतील? पण हे मान्य केलं तर पुढचंही, गाठ आपणच सोडतो हेही, मान्य करावं लागत होतं, आणि तिथे त्यांचं मन अडून बसत होतं.

शनिवारी समूहगायन दुपारचं होतं. मध्यंतराच्या आधी पियानो सरकवताना त्याचं चाक एका केबलीवरून गेलं आणि डावीकडचा माइक खरखरायला लागला. यात कोणाचाच दोष नव्हता. कानसेनांनी केबल बदलली आणि खराब केबलीला गाठ मारली, घट्ट, मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी. सून मिक्सरमागून बघत होती. आता बघतोच, ते मनात म्हणाले. आज हात सोडून कुठे नजर हलवणार नाही.

कार्यक्रम संपला. लोक गेले, हॉलचे दिवे लागले, खुर्च्या दुमडल्याचे आवाज यायला लागले. कानसेन पायरीवर बसले आणि केबली गुंडाळू लागले. एक फेरा वरून, एक फेरा खालून, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही आणि पुन्हा फेकली की सरळ उलगडते. हे त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलं होतं. केबलीत पीळ किंवा गाठ दिसली की गुरू हातातली केबल काढून घेत आणि दिवसभर दुसऱ्या कामाला लावत. कानसेनांनी डोळ्यांत तेल घालून स्वतःच्या हातांवर पहारा ठेवला. पहिली केबल, पाचवी, बारावी. हात शहाण्यासारखे चालले होते. गाठवाली केबल ढिगात खाली दिसत होती. तिची पाळी यायची होती.

मॅनेजर येऊन कठड्याला टेकला.

"आज चांगलं वाजलं," तो म्हणाला. "पण तुमच्या त्या जुन्या जाड केबली कुठे गेल्या हो? त्यांचा रुबाब काही और होता."

"रुबाब कसला, लोकांचे पाय अडकायचे त्यात." हे आपणच म्हणालो याचं कानसेनांना नवल वाटलं. "एकदा मंत्रीच पडता पडता वाचले होते."

"ते माझ्या समोरच झालं. तुम्ही उडी मारून धरलंत त्यांना."

"त्यांना नाही धरलं, माइक धरला. त्यांना त्यांच्या माणसांनी धरलं."

मॅनेजर मनापासून हसला. कानसेनही हसले. मग त्यांनी तो किस्सा पुन्हा सविस्तर सांगितला: मंत्री काय म्हणाले, मागची माणसं कशी धावली, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या फोटोत फक्त आपला हात कसा आला. मॅनेजर डोळे पुसत कुलपं बघायला गेला.

कानसेनांनी खाली पाहिलं.

हातात एक नीट गुंडाळलेली केबल होती. बाहेरच्या रबरावर चाकाने चेपलेली जागा स्पष्ट दिसत होती. शेपूट सरळ होतं. गाठ नव्हती. बोटं वेटोळ्याचं टोक आत खोचत होती आणि केबल चांगल्या पेटीच्या दिशेने अर्धी निघालेली होती.

त्यांना ती गाठ सोडल्याचं आठवत नव्हतं. जरासुद्धा नाही. बत्तीस वर्षं ज्या हातांना गाठ खपली नव्हती, त्यांनी आजही मालकाला न विचारता आपलं काम केलं होतं.

जवळपास कोणी नव्हतं. मॅनेजर लांब कुलपापाशी खटपट करत होता. गाठ पुन्हा मारायला दोन सेकंद लागले असते. मारली असती तर ते सुनेला दाखवू शकले असते, हे बघ, आहे की नाही, आणि ती सोमवारी गेली असती, आणि दोष तिच्या पदरी राहिला असता. कानसेनांची बोटं टोकाशी गेलीसुद्धा. मग त्यांना जेवताना "चूक माझी" म्हणणारी ती आठवली आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते उठले, ती केबल तशीच घेऊन स्टेजच्या कडेला गेले. तिथे सून माइक एकेक करून पुसत होती.

"ही बघ," ते म्हणाले. "ही मघाचीच. मी सोडली. मला कळलंसुद्धा नाही."

"माहीत आहे," सून म्हणाली. "मी इथून बघत होते. आजवर मागूनच दिसायचं, हात दिसायचे, नजर नाही. आज समोरून दिसलं. तुम्ही त्यांच्याकडे बघून बोलत होतात. हाताकडे बघत नव्हतात."

"मग हाक का मारली नाहीस?"

तिने माइकची जाळी फुंकून पाहिली. "तुम्ही परत मारता का, ते बघत होते."

कानसेनांची बोटं टोकाशी गेली होती हे तिनेही पाहिलं असणार. ते तिथेच पेटीवर बसले.

"मी तुझ्यावर संशय घेतला," ते म्हणाले. "तुझ्या मागे खोली उघडली. ठिपके दिले. तुझ्या रिळातला तुकडा कापून तांबं खरवडलं. तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं. माझं चुकलं गं."

"मीसुद्धा घेतलाच की तुमच्यावर. तोंडाने मात्र बाबा बाबा."

"तुझ्याकडे पुरावा होता."

सून हसली, पण हसता हसता तिने नाक ओढलं. मग ती हातातला माइक पुसत बसली, जेवढा पुसायला हवा त्याच्या दुप्पट.

"सोमवारी मला जावं लागेल," ती म्हणाली. "महिनाभराचं काम आहे, हो म्हटलंय. नंतरचं नंतर बघू."

जात नाही असं ती म्हणेल, असं कानसेनांना वाटत होतं. तसं काही ती म्हणाली नव्हती, आणि ते मागायचाही आपल्याला हक्क नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या माइकांच्या बॅगेत ठेवली. ती नको म्हणाली नाही. मग त्यांनी सामानातून पक्कड घेतली, आणि तयार केबल कापायला ज्यांचा हात कधी धजला नव्हता त्यांनी त्या चेपलेल्या केबलीचं टोक कनेक्टरपासून कट् करून तोडलं.

"यापुढे खराब निघाली की असं. मला सोडता येणार नाही."

"अहो बाबा, परत डाग द्यावा लागेल. लाल टेप लावली तरी चालेल."

"टेपही सोडतील हे." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "तू काय ओळखतेस यांना."

ढिगात अजून बारा-तेरा केबली राहिल्या होत्या. कानसेन परत पायरीवर जाऊन बसले, पहिली केबल उचलली आणि थांबले. मग त्यांनी हाक मारून सुनेला समोरची खुर्ची ओढून घ्यायला सांगितली. ती बसली. ते गुंडाळू लागले, एक फेरा वरून, एक खालून, आणि शेवटची केबल पेटीत जाईपर्यंत ती त्यांच्या हातांवर लक्ष ठेवून होती, कारण तसं लक्ष ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं.